पावसाळाभर ठेवलेला पेट्रोल जनरेटर सुरू होत नाही? या क्रमाने तपासा

भाऊबीज झाली, गावोगावी मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) भरायला लागली, की दुरुस्तीला छोटे पेट्रोल जनरेटर येऊ लागतात. कुणाची चहाची टपरी, कुणाचं भज्यांचं दुकान, कुणाचे धानाच्या खळ्यावरचे दिवे. तक्रार एकच असते: "मिरगाच्या आधी ठेवला तवा मस्त चालत होता भाऊ, आता दोरी ओढून ओढून हात गेले, चालूच नाही होऊन राहिला." साकोलीपासून लाखांदूर-वडशापर्यंत दर हंगामात हेच ऐकू येतं.

बहुतेकांना वाटतं इंजिन गेलं. इंजिन क्वचितच गेलेलं असतं. चार-पाच महिने टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) पडून राहिलेलं पेट्रोल हेच बहुतेक वेळा कारण निघतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटात होतं ते आधी, पैसे लागतात ते नंतर. हे सगळं दोरीने सुरू होणाऱ्या, एक ते तीन केव्हीएच्या साध्या फोर-स्ट्रोक पेट्रोल जनरेटरसाठी आहे.

लक्षणं

तुमचा जनरेटर यातलं नेमकं काय करतो ते आधी ठरवा.

- दोरी कितीही ओढा, इंजिन एकदाही पेट घेत नाही.
- चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी पट्टी) लावला की चालतो, चोक उघडला की बंद पडतो.
- चालतो, पण आवाज सतत वरखाली होतो आणि बल्ब कमी-जास्त होतात.
- रिकामा चांगला चालतो, लोड टाकला की दम सोडतो.
- दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतो, थोडं थांबून परत चालू होतो.
- कार्बोरेटरखाली पेट्रोल ठिबकतं.
- इंजिन ठणठणीत, पण सॉकेटमध्ये करंटच नाही.

पहिली पाच लक्षणं बहुतेक घरी सुटतात. सहावं सुटलं तर सुटलं. सातवं इलेक्ट्रिशियनचं काम आहे, त्यावर शेवटी लिहिलं आहे.

दोरी ओढायच्या आधी: जागा

हे वगळून पुढे जाऊ नका. दुरुस्ती करताना आपण जनरेटर पुन्हा पुन्हा चालू करून बघतो, आणि पाऊस असेल तर तो पडवीत किंवा गोठ्यात ओढून आणलेला असतो. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं, म्हणून थोडा वायूही रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पाय लटपटतात. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, तो झोपेतच जातो.

खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, शटर अर्धं वर केलं, यातलं काहीही पुरत नाही. जनरेटर घरापासून, दुकानापासून किमान २० फूट लांब, उघड्यावर आणि सायलेंसरचं तोंड दार-खिडकीच्या उलट दिशेला हवं. पावसाची सोय करायची तर चार बांबूंवर टिन टाका, पण चारही बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्रीने गुंडाळायचं नाही. कुणाला चक्कर आली किंवा डोकं जड झालं तर त्याला लगेच मोकळ्या हवेत न्या, जनरेटर बंद करा आणि १०८ ला फोन करा. ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून आत निजवू नका.

दुरुस्तीला बसताना इंजिन थंड हवं, जवळ बिडी-काडी, चूल नको, आणि आतल्या भागात हात घालण्याआधी स्पार्क प्लगची (इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग) कॅप काढून बाजूला करा. म्हणजे दोरीला चुकून झटका बसला तरी इंजिन पेट घेणार नाही.

तपासणी १: स्विच, कॉक आणि ऑइल

इंजिनाचा स्विच चालूवर, पेट्रोल कॉक उघडा, थंड इंजिनाला चोक लावलेला. ठेवताना कुणीतरी कॉक बंद केलेला असतो आणि काढणारा दुसराच असतो, म्हणून हे डोळ्यांनी बघा.

मग जनरेटर सपाट जागेवर ठेवून ऑइल बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये ऑइल कमी झालं की एक सेन्सर ठिणगीच बंद करतो. इंजिन वाचावं म्हणून ती सोय आहे. बांधावर, उतारावर तिरका ठेवलेला जनरेटर ऑइल पुरेसं असूनही याच कारणाने मुका राहतो. बहुतेक छोट्या इंजिनांत ऑइल मोजायची काडी पुसून, आटे न फिरवता नुसती आत टेकवून पातळी बघायची असते. तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलं आहे ते पाहा.

काडी काढली की वासही घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली, तर कार्बोरेटरमधून गळून पेट्रोल इंजिनात उतरलं आहे. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देत नाही. या अवस्थेत एकदाही चालू करू नका. आधी कार्बोरेटरची गळती थांबवा, मग ऑइल बदला.

तपासणी २: पेट्रोल काचेच्या बाटलीत बघा

बहुतेक दोष इथेच सापडतात. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक छोटा निचऱ्याचा स्क्रू असतो. कॉक बंद करा, खाली स्वच्छ काचेची बाटली धरा, स्क्रू सैल करा. उतरलेलं पेट्रोल पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडात धरून बघा. ताजं पेट्रोल पातळ, स्वच्छ आणि नाकाला झोंबणारं असतं. जुनं गडद, चहासारखं होतं आणि त्याला वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब लोळताना दिसले तर ते पाणी आहे.

असं का होतं? पेट्रोलमधला जो हलका भाग थंड इंजिनात चटकन पेटतो, तोच आधी उडून जातो. उरतं ते जड, आणि ते हवेशी संयोग पावून चिकट डिंक बनतं. त्यात आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. आषाढ-श्रावणात अर्धी रिकामी टाकी ओलसर हवेत राहिली, झाकणातून पावसाचे चार थेंब गेले, की ते पाणी इथेनॉल धरून ठेवतं, आणि पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाशी बसतं. कार्बोरेटरला पहिला घोट तळाचाच जातो. बऱ्याच जुन्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. अशा जनरेटरची रबरी पेट्रोल नळी बोटांनी दाबून बघा. ती फुगलेली, मऊ पडलेली किंवा तडकलेली असेल तर बदला.

पेट्रोल खराब दिसलं तर टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्यात नवीन ओतून ‘मिक्स’ करू नका, त्याने तळाचं पाणी कुठेही जात नाही. काढलेलं पेट्रोल नालीत, विहिरीजवळ ओतायचं नाही, चूल पेटवायला तर कधीच नाही. बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. नवीन पेट्रोल पंपावरून आणा, तेही धातूच्या कॅनमध्ये. किराणा दुकानात टांगलेल्या बाटलीतलं किती दिवसांचं आहे कळत नाही. आणि थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल घरात ठेवलं तर ते लेकरांच्या तोंडाला लागू शकतं.

ताजं पेट्रोल टाकून, वाटी एकदा धुऊन निघेल एवढं खाली सोडून, दोरी ओढा. खूप जनरेटर इथेच चालू होतात.

तपासणी ३: टाकीच्या झाकणाचं छिद्र

थोडा वेळ चालून बंद पडणाऱ्यांसाठी हे आहे. झाकणात हवा जायला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरणं थांबतं. बंद पडल्यावर झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज येऊन जनरेटर पुन्हा चालू झाला तर दोष सापडला. छिद्र साफ करा, पण झाकण सैल ठेवून चालवू नका.

तपासणी ४: एअर फिल्टर, आणि आत कोण राहायला आलं आहे

फिल्टरचा डबा उघडा. धानाच्या मळणीत चाललेल्या जनरेटरचा फिल्टर भुशाने लेपलेला असतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून काळा धूर आणि लोडवर दम नाही. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून पिळून बसवा. कागदाचा फिल्टर धुवायचा नसतो. झटका, नाही तर बदला. फिल्टर काढून ‘काम भागवू’ असं करू नका, एका हंगामाची धूळ सिलिंडर घासून टाकते.

पावसाळ्यात कुंभारीण माशी सायलेंसरच्या तोंडात मातीचं घर करते. उंदीर फिल्टरच्या डब्यात किंवा दोरीमागच्या पंख्याच्या झाकणात तणस आणि चिंध्या भरतात. सायलेंसर बुजला तर इंजिन गुदमरतं. पंख्याखाली तणस राहिली तर थंड हवा फिरत नाही, इंजिन तापतं, आणि सुकी तणस गरम सिलिंडरला लागून पेटू शकते. टॉर्च घेऊन जाळीतून आत बघा.

तपासणी ५: प्लग

सात-आठ वेळा दोरी ओढा आणि प्लग काढा. टोक कोरडं असेल तर पेट्रोल वर पोचतच नाही. प्लगवर वेळ घालवू नका, थेट कार्बोरेटरकडे जा. ओलं असेल तर पेट्रोल येतं आहे, पण ठिणगी नाही किंवा चोक लावून फार ओढल्याने इंजिन पेट्रोलने भरलं आहे. भरलं असेल तर कॉक बंद, चोक उघडा, प्लग पुसून वाळवा, स्विच बंद ठेवून दोरी काही वेळा ओढा, दहा मिनिटं थांबा.

काळा, तेलकट किंवा चिरलेला प्लग सरळ बदला. पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच घ्या, बहुतेक छोट्या इंजिनांत फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. बसवताना आधी बोटांनी आटे फिरवा, पाना शेवटी लावा. इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड) ॲल्युमिनियमचं आहे. तिरका प्लग पान्याने दाबला तर आटे जातात, आणि शंभर-दोनशे रुपयांचं काम हजारांत जातं.

प्लग बाहेर काढून इंजिनावर टेकवून ठिणगी बघायची सवय फार आहे. प्लगच्या भोकातून त्याच वेळी पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते, हे लक्षात घ्या. ठिणगी बघायचीच तर स्पार्क टेस्टर वापरा. नाही तर नवीन प्लग लावून बघा, तोच स्वस्त आणि बिनधोक उपाय.

तपासणी ६: कार्बोरेटरची वाटी आणि जेट

चोक उघडला की बंद पडणं आणि आवाज वरखाली होणं, ही दोन्ही अर्धवट बुजलेल्या जेटची लक्षणं. जुन्या पेट्रोलचा डिंक नेमका त्या बारीक छिद्रात बसतो. चोक लावला की हवा कमी होते आणि थोडं पेट्रोलही पुरतं, म्हणून तेवढ्यापुरतं चालतं.

कॉक बंद, प्लगची कॅप काढलेली, खाली भांडं. वाटीचा बोल्ट बहुतेक १० नंबरच्या पान्याने सुटतो. वाटी हळू खाली घ्या. पॅकिंग जपा, ते फुगलं किंवा तुटलं तर नवीन लागेल. तळाशी गंज, हिरवट चिकटा किंवा पाण्याचा डाग दिसेल. मधल्या नळकांड्यात पितळी मेन जेट असतो. अचूक बसणाऱ्या पेचकसाने तो काढा, नाही तर खाच मोडते. जेट आभाळाकडे धरून छिद्रातून बघा. पूर्ण गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. कडेला पिवळसर झिरमिळी दिसली तरी तो बुजलेलाच समजा.

कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारा, थोडा वेळ मुरू द्या, परत मारा. डोळ्यांवर चष्मा हवा. दुसऱ्या छिद्रातून फवारा उलटा तोंडावर येतो. जेटमध्ये सुई, खिळा किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र केसभर मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं आणि नंतर ते कधीच जमत नाही. फार चिकटा असेल तर वायरमधली तांब्याची एकच बारीक तार पुरे. मेन जेट साफ करूनही आवाज वरखाली होत राहिला तर बाजूचा पायलट जेट बुजलेला आहे. तोही काढता येतो, पण काही मॉडेलमध्ये तो प्लॅस्टिकचा असतो आणि तुटतो. हात सरावलेला नसेल तर इथून पुढे मिस्त्रीला द्या.

पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई) अडकली आहे. निडलच्या टोकाशी कचरा असेल तर साफ करा. टोकावर गोल कडं उमटलं असेल तर निडल बदलावी लागते.

कार्बोरेटरच्या वर गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग कायम राखणारी यंत्रणा) बारीक स्प्रिंग आणि काड्या आहेत. त्या कुठे अडकवलेल्या आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्यांना वाकवू, ओढू नका. बहुतेक असे जनरेटर मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांवर चालतात, तेव्हाच ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्टच्या आसपास वीज मिळते. ‘पॉवर वाढवतो’ म्हणून स्प्रिंग ताणली की व्होल्टेज चढतं, टीव्ही-चार्जर जळतात, आणि जास्त वेगाने इंजिनाचा रॉड तुटू शकतो.

लोडवरच बंद पडत असेल तर

आधी हिशोब करा. एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॉटचं काम, पण सुरू होताना ती नेहमीच्या तीन ते सहा पट करंट ओढते. त्यामुळे दोन केव्हीएवर मोटर उचलली गेली नाही तर तो जनरेटरचा दोष नाही. मोटर आधी, एकटी सुरू करा. बल्ब, पंखे नंतर. वायर लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं. जाड वायर घ्या, आणि ती गुंडाळी सोडून, पसरून वापरा.

इथे थांबा

दोरी अगदी हलकी, काहीच अडथळा न लागता येते: कॉम्प्रेशन नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही. दोरी जागची हलत नाही: जोर लावू नका. आत धातूचा खडखडाट, साफ करूनही पेट्रोलची गळती, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या, वायंडिंग जळाल्याचा वास, एमसीबी वारंवार पडणं. यातलं काहीही असेल तर मिस्त्री किंवा इलेक्ट्रिशियनकडे द्या.

इंजिन चालतं पण करंट नाही, तेव्हा एमसीबी एकदा वर करून बघा आणि दुसरी वस्तू लावून बघा. एवढंच आपलं. पुढे कॅपॅसिटर, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट), ब्रश किंवा वायंडिंग असतं. कॅपॅसिटरमध्ये इंजिन बंद झाल्यावरही चार्ज राहतो आणि तो जोराचा झटका देतो. बॅटरी लावून ‘करंट जागा करायचे’ व्हिडिओ बघून हे करू नका.

घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर पेटवणारे अजून आहेत. तुमचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे डीपीपर्यंत (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) जातात आणि तिथे ते चढून ११,००० व्होल्ट होऊ शकतात. लाइन गेली म्हणून त्याच वेळी खांबावर महावितरणचा माणूस चढलेला असतो. वायरचं दुसरं टोक निघालं तर उघड्या पिना तुमच्या हातात असतात. हे काम कुणीही, कितीही घाईत सांगितलं तरी मी करत नाही.

पुढच्या मिरगात ठेवताना

दोन महिन्यांहून जास्त ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करा, मग इंजिन चालवून आपोआप बंद होऊ द्या आणि वाटीचा निचरा स्क्रू सोडून उरलेलं काढा. प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल घाला, प्लग बसवा, दोरी हळूहळू ओढा आणि जड लागेल तिथे सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत शिरत नाही. फळीवर ठेवा, सुती कापडाने झाका, सायलेंसरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि चालू करण्याआधी ती न विसरता काढा. पावसाळ्यातही लागणार असेल तर ताज्या पेट्रोलवर महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं, दोन-चार बल्बांच्या लोडवर चालवा. पेट्रोल भरताना दर वेळी इंजिन बंद करून थंड होऊ द्या, टाकी काठोकाठ भरू नका. ऑइल नव्या इंजिनाचं पहिल्या २० तासांनी आणि नंतर साधारण १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच पाळा.

मिस्त्रीकडे न्यायची वेळ आलीच तर कोणतं लक्षण आहे, पेट्रोल कधीचं होतं आणि तुम्ही काय काय उघडलं, हे कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही. टेम्पोत टाकी रिकामी, कॉक बंद आणि जनरेटर उभाच बांधून न्या. आडवा पडला तर ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं, आणि तिथे पोचेपर्यंत मूळ दोषाला दुसरा दोष जोडला जातो.